साडेबावीस, पण कुठून?

कपाटाच्या दाराला बाहेरून न दिसणारी बिजागरी बसवायची, तर तिच्या वाटीसाठी दाराच्या आतल्या अंगाला ३५ मिलिमीटर व्यासाचे, आरपार न जाणारे भोक पाडावे लागते. त्याचा मध्य कडेपासून साडेबावीस मिलिमीटरवर धरण्याची पद्धत सर्रास आहे. समजा, हे काम सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणाऱ्या, राउटरला दिले. चित्रात भोकाचा मध्य २२.५ वर आहे. त्या चित्रावरून सॉफ्टवेअरने कटरला आखून दिलेली वाट, म्हणजे टूलपाथ, तिथेही २२.५. कटर भोकाच्या मध्यावर उभा असताना मशीनच्या पडद्यावर आकडा दिसतो तोही २२.५. काम झाल्यावर पट्टी लावली, तर १९.५.

गंमत अशी की यात कोणीच खोटे बोललेले नाही. साडेबावीस हा आकडा तिन्ही ठिकाणी खरा आहे. फक्त तो कुठून मोजायचा याबद्दल तिघांचे एकमत नाही. शाळेत निर्देशक भूमिती शिकताना आरंभबिंदू फळ्यावर आधीच काढलेला असायचा, म्हणून त्याची दखल घ्यावीशी कधी वाटली नाही. राउटरच्या कामात एकाच दाराला पाच-सहा आरंभबिंदू असतात, आणि त्यातला एक जरी दुसऱ्याशी फटकून वागला तरी प्लायची महाग शीट वाया जाते. पण वाया गेलेल्या शीटकडे नीट पाहिले, तर कोणता आरंभबिंदू फटकून वागला हे ती शीटच सांगते. दुरुस्तीची सगळी विद्या त्या सांगण्यात आहे, आणि ती मला चकित करते.

राउटर म्हणजे काय, हे आधी दोन वाक्यांत. मिनिटाला अठरा ते चोवीस हजार फेरे घेणारा एक कटर, आणि त्याला डावी-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली नेणारा मोटारींचा सांगाडा. गणपतीच्या मखराची जाळी, देवघराचे नक्षीदार दार, मॉड्युलर किचनचे पल्ले, असे बरेच काम आता त्याच्यावर होते.

आकड्यांनी कटर हलवण्याची कल्पना हेलिकॉप्टरच्या पात्यांमुळे सुचली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात १९४० च्या दशकात पात्यांचे साचे करताना वक्ररेषेवरचे बिंदू गणिताने काढून त्यांचा तक्ता करत. मग एक माणूस तक्ता वाचायचा आणि दोघे मशीनची चाके फिरवायचे, एक एक्स दिशेचे, दुसरा वाय दिशेचे. पुढे अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून एमआयटीने हे काम कागदी पंचटेपवर चढवले आणि १९५२ मध्ये तसे मशीन लोकांना चालवून दाखवले. चाकावरची माणसे गेली. पण त्या दोघांनी कामाला हात घालण्याआधी ‘हे इथून मोजायचे बरं का’ असे एकमेकांना सांगितले असणारच. टेपवर ते वाक्य नव्हते. आजच्या फाइलमध्येही ते नसते.

आता ही आरंभबिंदूंची माळ पाहू. पहिला आरंभबिंदू चित्राचा, चित्र काढणाऱ्याने सोयीने धरलेला. दुसरा शीटचा, कारण आठ बाय चार फुटांच्या म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरच्या एका शीटवर बरीच दारे दाटीवाटीने बसवलेली असतात, आणि त्यातल्या प्रत्येक दाराचा डावा-खालचा कोपरा शीटच्या दृष्टीने वेगळ्याच जागी असतो. तिसरा टूलपाथ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा: तिथे काम सुरू करताना विचारले जाते की शून्य कोणत्या कोपऱ्यात की मध्यावर, आणि उंचीचे शून्य लाकडाच्या पृष्ठभागावर की टेबलावर. चौथा ऑपरेटरने शीटवर प्रत्यक्ष घेतलेला, ज्याला शॉपमध्ये ‘झीरो घेणे’ म्हणतात. पाचवा मशीनचा स्वतःचा. मशीन चालू झाले की ते आधी टोकाच्या स्विचांपर्यंत जाऊन आपले घर शोधते, आणि त्याच्यासाठी जग तिथून सुरू होते.

चौथा आणि पाचवा यांना जोडणारे गणित तिसरीतल्या मुलालाही जमेल. लहान मशीनवर फार चालणाऱ्या जीआरबीएल या मुक्त प्रणालीत घर मूळ मांडणीत मागच्या उजव्या कोपऱ्यात असते, त्यामुळे मशीनचे स्वतःचे आकडे ऋण येतात. ऑपरेटरने शीटचा कोपरा गाठून झीरो घेतला, की ‘तो कोपरा माझ्या घरापासून उणे ८१२.४ वर आहे’ अशी नोंद मशीन करून ठेवते. या नोंदीला जी५४ म्हणतात. जी५५ पासून जी५९ पर्यंत आणखी पाच कप्पे असतात. प्रोग्रामने २२.५ मागितले की मशीन उणे ८१२.४ मध्ये २२.५ मिळवते आणि उणे ७८९.९ वर जाते. एवढेच. कोणीतरी मागच्या कामात जी९२ नावाची तात्पुरती सरकपट्टी ५ वर लावून ठेवली असेल, तर तेही पाच यात गुपचूप मिसळतात आणि कटर उणे ७८४.९ वर उतरतो. काही नियंत्रकांत ही जी९२ मशीन बंद केल्यावरही शिल्लक राहते. कालच्या पाळीचा माणूस घरी गेला, त्याची सरकपट्टी मात्र कामावरच आहे, अशी अवस्था. माझे मत विचाराल तर रोजच्या कामात जी९२ ला हातच लावू नये, जी५४ पुरते.

मग आपले तीन मिलिमीटर? कटर सहा मिलिमीटरचा होता. ऑपरेटरने तो शीटच्या डाव्या कडेला अलगद टेकवला आणि तिथे शून्य घेतले. पण मशीन मोजते कटरच्या मध्यापासून, आणि कड टेकली तेव्हा मध्य कडेच्या तीन मिलिमीटर बाहेर होता. शून्यच तीनने डावीकडे गेले, म्हणून सगळी भोके तीनने डावीकडे गेली. साडेबावीस उणे तीन, साडेएकोणीस.

इथून पुढे मजा सुरू होते. चूक किती आहे, हा आकडाच साक्षीदार असतो. तीन आले, तर सहाचे अर्धे म्हणून कटरची त्रिज्या आठवायची. आपले दार ४०० रुंद आणि ६०० उंच आहे. चूक नेमकी २०० आणि ३०० आली, तर दाराची अर्धी रुंदी, अर्धी उंची: सॉफ्टवेअरमध्ये शून्य मध्यावर धरले आणि शीटवर कोपऱ्यात घेतले. उंचीतली चूक १८ आली आणि प्लायही १८ मिलिमीटरचा असला, तर एकाने शून्य पृष्ठभागावर मानले, दुसऱ्याने टेबलावर. यातली एक दिशा निरुपद्रवी आहे, कटर हवेत फिरत राहतो. उलट दिशेची चूक टेबल खोदते.

वरच्या सगळ्या चुकांत एक साम्य आहे. प्रत्येक भोक सारखेच सरकलेले असते, शून्याजवळचे असो की दूरचे. दूरचे भोक जास्त चुकले असेल, तर मात्र प्रकरण सरकण्याचे नाही, फुगण्या-आकसण्याचे असू शकते.

त्यातली सगळ्यांत ढोबळ चूक इंच आणि मिलिमीटरची. डीएक्सएफ हा चित्रांच्या देवाणघेवाणीचा प्रकार ऑटोकॅडबरोबर १९८२ मध्ये आला. त्याच्या फाइलमधला ६०० म्हणजे सहाशे काय, हे सांगायला वेगळा रकाना आहे. त्यात शून्य असले तर अर्थ ‘एकक सांगितलेले नाही’. मग उघडणारे सॉफ्टवेअर अंदाज करते. अंदाज चुकला तर ६०० मिलिमीटरचे दार २३.६ मिलिमीटरचे होते, किंवा सव्वापंधरा मीटरचे. ही चूक बिचारी प्रामाणिक आहे, लगेच दिसते. भीती वाटावी ती अर्धवट चुकीची. वेक्टर चित्रांच्या एसव्हीजी फाइलमध्ये माप बहुधा पिक्सेलमध्ये असते, आणि एका इंचात पिक्सेल किती याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे होते. इंकस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर आधी ९० मानत असे, ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ वर आले. जुन्या हिशेबाची फाइल नव्या हिशेबाने वाचली, की ६०० चे दार ५६२.५ चे होते. पडद्यावर अगदी दारासारखे दार. नक्षी बरोबर, भोके बरोबर, प्रमाण बरोबर. फक्त ते कपाटाला पुरत नाही. म्हणून भागाकार करून बघायचा: ५६२.५ भागिले ६०० बरोबर ०.९३७५, आणि ९० भागिले ९६ सुद्धा तेवढेच. असा स्वच्छ गुणोत्तराचा ठसा मिळाला, की चूक फाइलमध्ये आहे. गुणोत्तर ओबडधोबड, एकाच्या अगदी जवळचे आणि एक्स-वाय दोन्ही दिशांना वेगवेगळे आले, तर संशय मशीनवर. मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते, प्रत्येक पावलाचे आठ तुकडे केले तर १६०० होतात, आणि स्क्रू एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकत असेल तर एका मिलिमीटरला ३२० ठोके. या ३२० मध्ये गफलत झाली तर मशीनचे मिलिमीटरच थोडे लांब किंवा आखूड होते.

उलटण्याची चूक त्याहून लबाड. पडद्याच्या जगात वाय खाली वाढतो, कारण एसव्हीजीसारख्या चित्रांचे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. राउटरचा वाय टेबलावर पुढून मागे, म्हणजे चित्रात वर वाढतो. मधल्या कुणी भाषांतर विसरले तर दार खाली-वर उलटते. आणि आपले दार? त्याची भोके खालून १०० आणि ५०० वर आहेत, उंची ६००. उलटले तरी ती १०० आणि ५०० वरच येतात! चूक झाली, पण दार कपाटाला बसले. ती महिनाभर लपून राहील आणि कुलपाचे भोक असलेले पहिले दार आले की उघडी पडेल. म्हणूनच उलटण्याच्या तपासणीसाठी कधीही चौकोन किंवा वर्तुळ कापू नये. ‘ग’ कापावा. तो उलटला, फिरला, आडवा झाला, काहीही झाले तरी लपत नाही.

फिरणे ही चूक तर डोळ्याला दिसतच नाही. शीट टेबलावर ठेवताना अंशाचा दहावा भाग तिरकी ठेवली गेली, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण २४४० मिलिमीटर लांबीवर तेवढ्याने सव्वाचार मिलिमीटरचा फरक पडतो. शून्याजवळचे दार उत्तम, पलीकडच्या टोकाचे रद्दी. आणि कलणे वेगळे: सांगाड्याच्या दोन बाजूंच्या मोटारी एकमेकींशी नीट जुळल्या नसल्या की मशीनचा काटकोनच काटकोन राहत नाही. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा दोरा लावतो, तोच उपाय इथे. ९०० बाय १२०० चा आयत कापून कर्ण मोजायचे. दोन्ही १५०० आले पाहिजेत. सांगाडा ९०० वर एकच मिलिमीटर कलला असेल, तर एक कर्ण १५००.८ येतो, दुसरा १४९९.२. काटकोन मोजायला गुनियापेक्षा ही रीत सरस आहे, कारण ती एका मिलिमीटरची चूक १.६ करून दाखवते.

सरकणे, फुगणे, उलटणे, फिरणे, कलणे. सपाट शीटवर आरंभबिंदू आणि अक्ष यांची जी काही गल्लत होईल ती या पाचांतली एक किंवा त्यांची मिसळ. मिसळीत क्रमही महत्त्वाचा असतो. (२२.५, १००) वरचे भोक आधी नव्वद अंश फिरवून मग ४०० ने उजवीकडे सरकवले तर ते (३००, २२.५) वर येते. आधी सरकवून मग फिरवले तर (उणे १००, ४२२.५) वर, म्हणजे शीटच्या बाहेर. आकडे तेच, हुकूम तेच, फक्त पुढेमागे.

काही बिघाड मात्र या कुळातले नाहीत, आणि त्यांना वेगळे काढता आले पाहिजे. पहिली दारे बरोबर आणि कापत गेले तशी पुढची बिघडत गेली, जागा कोणतीही असो, तर मोटारीची पावले हुकली आहेत. बहुतेक स्वस्त मशीनवर आपण हुकलो हे मोटारीला कळतच नाही. सरळ रेषा ठीक आणि फक्त गोलाई असलेल्या जागी पडद्यावर शीटपेक्षा मोठी वर्तुळे दिसू लागली, तर वर्तुळाचा मध्य कंसाच्या सुरुवातीपासून मोजायचा की शून्यापासून, यावर सॉफ्टवेअर आणि मशीन यांच्यात वाद आहे. आणि बारा दारांतले एकच चुकले, शेजारची अकरा बिनचूक, तर बहुधा ते दार पडद्यावर शेवटच्या क्षणी थोडे सरकवले होते आणि टूलपाथ जुन्याच जागी राहिला. व्हीकार्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती हलवली की टूलपाथ नव्याने काढून घ्यावा लागतो.

माझा सगळ्यांत आवडता गुन्हेगार मात्र एक टिंब आहे. कुठल्याशा मोठ्या नकाशातून दार उचलून नवी फाइल केली, आणि दारापासून पन्नास मीटर दूर, डावीकडे खाली, एक विसरलेला बिंदू फाइलमध्ये तसाच राहिला. पडद्यावर तो दिसत नाही. सॉफ्टवेअरला ‘चित्राचा डावा-खालचा कोपरा शून्यावर आण’ म्हटले, की ते सगळ्यांना कवेत घेणारा आयत काढते, त्या टिंबासकट, आणि टिंबच निमूटपणे शून्यावर नेऊन ठेवते. दार पन्नास मीटर लांब, आपण टेबलावर त्याला शोधत बसतो. उपाय सोपा आहे: सगळे निवडायचे, निवडलेल्याची रुंदी-उंची वाचायची. ४०० बाय ६०० ऐवजी पन्नास हजार काही आले की टिंब सापडले.

दूर असण्याचा आणखी एक त्रास आहे. सर्वेक्षणाच्या नकाशांवर आकडे लाखांत असतात. ३२ बिटांत दशांश आकडे साठवणाऱ्या नियंत्रकाला साधारण सात अंक नीट पेलतात. साडेदहा लाख मिलिमीटरच्या पलीकडे गेलेल्या संख्येत त्याला सगळ्यांत लहान पाऊल टाकता येते ते ०.१२५ मिलिमीटरचे, म्हणून गुळगुळीत वळण पायऱ्या-पायऱ्यांचे होते. शून्याजवळ आणून ठेवले की तेच वळण पुन्हा गुळगुळीत.

कुठून मोजायचे याची हीच भानगड पृथ्वीच्या मापानेही झालेली आहे. ग्रीनिचच्या वेधशाळेत शून्य रेखावृत्ताची पट्टी आहे; तिच्यावर उभे राहून फोनमध्ये पाहिले तर शून्य दिसत नाही. ते सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेत आहे. एकोणिसाव्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या दुर्बिणीने ‘खाली’ कुठे हे स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून ठरवले, उपग्रहांची पद्धत पृथ्वीच्या केंद्रापासून मोजते, आणि त्या जागी दोघांचे ‘खाली’ किंचित वेगळे आहे. भारताच्या मोजणीचे मूळ ठाणेही असेच एका गावाजवळ होते, मध्य प्रदेशात सिरोंजजवळचे कल्याणपूर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नकाशे उपग्रहांच्या मापनपद्धतीवर आणायचे ठरवले तेव्हा देशभरच्या बिंदूंना नवा जी५४ द्यावा लागला, असे म्हणायला हरकत नाही.

राउटरच्या टेबलाकडे परत येऊ. चूक दिसली की बरेच जण डोळ्याने अंदाज घेत झीरो थोडे-थोडे सरकवत राहतात, जुळेपर्यंत. ती शीट निभावते. पण चूक फिरण्याची असेल तर सरकवून एक कोपरा जुळतो आणि उरलेले तीन बिघडतात, आणि उद्याची शीट आज लावलेल्या ठिगळासकट कापली जाते. त्यापेक्षा एक सुंदर रीत आहे. कागदावर किंवा भंगार एमडीएफवर कटरऐवजी पेन बांधून तीन खुणा करायच्या, एका रेषेत नसलेल्या, एकमेकींपासून शक्य तितक्या दूर. प्रत्येकीची अपेक्षित जागा माहीत आहे, पडलेली जागा मोजायची. पडलेला एक्स = क × एक्स + ख × वाय + ग. पडलेल्या वायसाठी तसेच आणखी तीन आकडे. एकूण सहा अज्ञात संख्या, आणि तीन खुणांचे प्रत्येकी दोन याप्रमाणे सहा समीकरणे. हिशेब तंतोतंत पुरतो. सरकणे, फुगणे, उलटणे, फिरणे, कलणे, सगळे त्या सहा आकड्यांत असते, आणि ते कळले की संपूर्ण शीटवरच्या प्रत्येक बिंदूचे काय होणार हे कळले. हजारो ओळींचा प्रोग्राम, आणि त्याच्या साऱ्या गोंधळाची चावी तीन टिंबांत! काटकोन आणि मापे बरोबर आहेत आणि काही उलटलेले नाही अशी खात्री असेल, तर दोन टिंबेही पुरतात. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डांवर कोपऱ्यांत तांब्याचे जे बारीक गोल ठिपके असतात ते याचसाठी. भाग बसवणारे मशीन कॅमेऱ्याने आधी ते शोधते, बोर्ड किती सरकला-फिरला आहे हे काढते, आणि मग बोर्ड हलवण्याऐवजी आपले सगळे आकडेच तेवढे वळवून घेते.

पेनने चौथी खूणही करून ठेवावी. सहा आकडे काढायला तिची गरज नाही, म्हणूनच ती उपयोगी. पहिल्या तिघींवरून ती कुठे पडायला हवी हे काढायचे आणि प्रत्यक्ष कुठे पडली ते पाहायचे. फरक दशांश एक मिलिमीटरच्या आत असेल तर खुशाल शीट चढवावी. दोन मिलिमीटर असेल, तर चूक आरंभबिंदूची नाही; टेबल, पट्टे नाहीतर मोजणाऱ्याचा हात यांच्याकडे वळावे.